लाटांच्या विणीचे पांघरूण: कडा आत का जात आहेत, आणि आपल्या दमट हवेत लोकर कोणती घ्यावी?

गुहागरची विणकर:

सर्वांना नमस्कार. क्रोशाचे काम मला आईने शिकवले, परंतु आमच्या घरी ते ताटावरचे रुमाल, दाराची तोरणे आणि चौरंगावरची आसने एवढ्यापुरतेच होते. अंगावर घेण्याजोगे मोठे काम मी प्रथमच हाती घेतले आहे. गेल्या पावसाळ्यात आई दोन महिने अंथरुणाला खिळून होती. त्या काळात पुण्याची माझी थोरली बहीण दर पंधरा दिवसांनी घाट उतरून येत असे, आणि शेजारच्या काकू तर रोज संध्याकाळी आईजवळ येऊन बसत, म्हणून मला दोन घटकांची उसंत मिळे. या दोघींना स्वतःच्या हाताने विणलेले एकेक पांघरूण द्यावे असे मी तेव्हाच ठरवले होते. तिसरे पांघरूण चिपळूणला असलेल्या भाचीच्या बाळासाठी आहे. दिवाळीनंतर तिचे दिवस भरतील.

बहिणीच्या पांघरुणाला सुरुवात केली आहे. रंगीत लाटांची वीण आहे. एक लाट १४ टाक्यांची, अशा १२ लाटा घेतल्या आहेत. म्हणजे १६८ टाके आणि वळणाच्या ३ मिळून १७१ साखळ्या. सुई ४ मिमीची आहे. ओळीच्या सुरुवातीला पहिल्याच टाक्यात एक जास्तीचा खांब (सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका), मग चार साधे खांब, मग दोन-दोन खांब एकत्र करून लागोपाठ दोनदा घट, पुन्हा चार साधे, आणि लाटेच्या माथ्यावर शेजारच्या दोन टाक्यांत प्रत्येकी दोन खांब, असे मी विणते. दर दोन ओळींनी रंग बदलते. चौथा रंग नुकताच लावला असून एकूण सात ओळी झाल्या आहेत.

अडचण अशी की दोन्ही बाजूंच्या कडा हळूहळू आत ओढल्या जात आहेत. मधल्या लाटा अगदी एकावर एक बसलेल्या दिसतात, परंतु अगदी कडेच्या उतारांवर जिथे चार साधे खांब हवेत तिथे आता एकेकच उरला आहे. काल दुपारी पडवीत बसून सातवी ओळ दोनदा मोजली, तर दोन्ही वेळा १६२ टाके भरले. माझा हात घट्ट पडतो म्हणून असे होत असेल का? आणि हे उसवावेच लागेल, की पुढच्या ओळींत कुठेतरी सहा टाके वाढवून घेता येतील?

दुसरा प्रश्न लोकरीचा आहे. बहिणीसाठी मी दुकानात मिळाली ती साधी लोकर आणली, पण काकूंचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांनाही कुबट वास येतो. तिथे लोकरीचे पांघरूण टिकेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मालवणची मावशी:

ताई, हात घट्ट असता तर पांघरूण लहान झाले असते, पण टाके मोजून पुरेच भरले असते. तुमचे टाके कमी होत आहेत, आणि कारण तुमच्या आकड्यांतच दिसते. १६८ मधून १६२ गेले की ६ उरतात. पहिली ओळ साखळीवर विणलेली असते, तिच्यानंतर तुम्ही सहा ओळी विणल्या. म्हणजे दर ओळीला बरोबर एक टाका गळाला आहे. ओळ एकदा या कडेला संपते आणि एकदा त्या कडेला, म्हणून दोन्ही बाजूंना तीन-तीन टाके गेले आणि चाराच्या जागी एकेक खांब उरला.

हा गळणारा टाका म्हणजे वळणाची साखळी. ओळ सुरू करताना आपण ज्या तीन साखळ्या घालतो त्यांना या विणीत पहिला खांब धरलेले असते. परतीच्या ओळीत शेवटचे दोन खांब याच साखळीच्या वरच्या, म्हणजे तिसऱ्या, कडीत घालायचे असतात. परंतु ती साखळी खांबासारखी ताठ उभी राहत नाही. कडेला किंचित कलते आणि तिचे वरचे तोंड आत वळून बसते. त्यामुळे नजरेला शेवटचा टाका म्हणून तिच्या अलीकडचा खांब दिसतो, आपण त्यात दोन खांब घालून वळतो, आणि साखळी तशीच मागे राहते. सरळ विणीत ही चूक वीस-पंचवीस ओळी लपून राहू शकते. लाटांच्या विणीत मात्र कडेचा उतार आखूड होत जातो आणि ती उघडी पडते.

खात्री करायची असेल तर सहाव्या ओळीची सुरुवात जिथे झाली ती कड अंगठा आणि तर्जनीत धरून किंचित बाहेर ताणा. खांबांच्या रांगेबाहेर एक बारीक मोकळी दोरी लोंबकळल्यासारखी दिसेल. तीच ती साखळी.

आता उसवण्याविषयी. मध्ये कुठेतरी सहा टाके वाढवू नका, असे मी कळकळीने सांगते. एका लाटेत दोन ठिकाणी घट असते आणि दोन ठिकाणी वाढ असते. घट आणि वाढ समान आहेत तोवरच ओळीची रुंदी कायम राहते. एखाद्या लाटेत जास्तीचे टाके घुसवले तर ती लाट फुगते, तिच्या माथ्यावरच्या सगळ्या ओळी वाकड्या जातात आणि ते वाकडेपण शेवटपर्यंत झाकता येत नाही. तुमच्या सात ओळींत पहिली ओळ निर्दोष आहे, तिला हात लावू नका. दुसरीपासून सातवीपर्यंत उसवा. उसवलेली लोकर लगेच विणायला घेऊ नका. सैलसर लडी करून ओल्या पंचात गुंडाळून ठेवा आणि मग वाऱ्यावर वाळू द्या. तिचे कुरळेपण गेले की नव्या लोकरीशेजारी ती वेगळी दिसणार नाही.

पुन्हा विणताना प्रत्येक ओळीला तीन साखळ्या घातल्याबरोबर तिसऱ्या कडीत एक सेफ्टी पिन अडकवा. परत येताना त्या पिनेच्या जागी शेवटचे दोन खांब घाला आणि पिन पुढच्या ओळीला न्या. आठ-दहा ओळींनंतर नजर आपोआप बसते. वळणाला तीन साखळ्यांनी कडेला भोक पडत असेल तर दोनच साखळ्या घालून पाहा. माझ्या हाताला दोनच पुरतात.

आणखी एक गोष्ट, कारण पुढे तुम्ही चित्रफिती पाहून विणाल. आपण ज्याला खांब म्हणतो त्याला अमेरिकेत ‘डबल क्रोशे’ म्हणतात आणि ब्रिटनमध्ये ‘ट्रेबल’ म्हणतात. ब्रिटनमधले ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, वेढा न घेता विणलेला बुटका टाका. नमुना कोणत्या देशाचा आहे ते पाहिल्याशिवाय साखळी घालू नये, नाहीतर लाटेची उंची निम्मी होते.

हर्णै बंदर:

मालवणच्या मावशींनी कडेचे निदान अचूक केले आहे. फक्त सेफ्टी पिनेबद्दल मला आदरपूर्वक वेगळे सांगावेसे वाटते. आमचे घर बंदरालगत आहे. दोन वर्षांपूर्वी मी एका मोतिया रंगाच्या पांघरुणात पिना अडकवून ते आषाढात महिनाभर बाजूला ठेवले, आणि श्रावणात उघडले तेव्हा प्रत्येक पिनेखाली तांबेरा उतरला होता. ते डाग लिंबाने फिकट झाले, गेले नाहीत. खाऱ्या हवेत लोखंडाचा भरवसा धरू नये. खूण म्हणून वेगळ्या रंगाच्या सुती दोऱ्याचा वीतभर तुकडा कडीतून ओवून ठेवला तरी तेच काम होते. पोलादी सुईसुद्धा काम संपल्यावर पुसून, खोबरेल तेलाचे बोट फिरवून ठेवावी आणि पुन्हा विणण्यापूर्वी कोरड्या फडक्याने नीट पुसून घ्यावी.

आता लोकरीविषयी. आपण दुकानात सरसकट ‘लोकर’ म्हणतो, पण त्या गुंड्यांपैकी बरेचसे ॲक्रिलिकचे असतात. लेबलवर काय लिहिले आहे ते आधी वाचावे, कारण खरी लोकर, सूत आणि ॲक्रिलिक या तिघांचे दमट हवेतले वागणे अगदी निराळे असते. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता अशा प्रमाणित हवेत खरी लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओल धरते, सूत सुमारे ८ टक्के आणि ॲक्रिलिक जेमतेम २ टक्के. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता त्याहून बरीच जास्त असते. म्हणजे खऱ्या लोकरीचे एक किलोचे पांघरूण कपाटात नुसते पडून राहिले तरी दीड-दोनशे ग्रॅम पाणी पोटात घेऊन बसते. बुरशीला आणि कुबट वासाला एवढे पुरेसे आहे. शिवाय कसरीच्या अळ्या केसांत आणि लोकरीत असणाऱ्या केराटिन या प्रथिनावर जगतात. सूत आणि ॲक्रिलिक स्वच्छ असेल तर त्यांना त्यात खाण्यासारखे काही नसते.

तेव्हा पांघरूण कुठे विणले जाते यापेक्षा ते कोणत्या घरात वापरले जाणार आहे, याचा विचार करून दोरा निवडावा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. तिथे ॲक्रिलिक उत्तम, खरी लोकर असली तरी हरकत नाही. आपल्या किनाऱ्यावर भर थंडीतही पहाटे सहसा १८-२० अंशांच्या आसपासच तापमान असते. काकूंना ॲक्रिलिकचे जाड पांघरूण दिले तर त्या ते प्रेमाने कपाटात जपून ठेवतील, पण त्याखाली झोपल्या तर घामाघूम होतील. त्यांच्यासाठी सूत घ्यावे. सुताचे पांघरूण अंगाला गार लागते, पहाटेच्या गारव्यापुरती ऊबही देते, आणि फाल्गुनानंतरही पायांवर घेता येते.

सुताचे दोष मात्र आधी ओळखून असावे. ते वजनाला जड होते. भर पावसात धुतले तर दोरीवर चार-चार दिवस ओले राहते आणि स्वतःच्या भाराने लांबीत ओघळते, म्हणून ते मे महिन्यातच धुवून, आडवे पसरून वाळवावे. गडद तांबडा आणि निळा रंग प्रथम तपासावा: दोऱ्याचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात रात्रभर दाबून ठेवला की रंग जातो की नाही ते सकाळी कळते. लाटांच्या पांघरुणात मोतियाशेजारी तांबडा आला आणि तो फुटला, तर दोन महिन्यांची मेहनत एका धुण्यात जाते.

ॲक्रिलिकवर गरम इस्त्री कधीही फिरवू नये. त्याचा फुगीरपणा कायमचा जातो आणि लाटांचे माथे चपटे होतात. साठवताना प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये. जुन्या, धुवून मऊ झालेल्या लुगड्यात बांधून ठेवावे, म्हणजे हवा खेळती राहते.

गुहागरची विणकर:

दोघांचेही मनापासून आभार. कड ताणून पाहिली आणि मावशी म्हणतात तशी मोकळी दोरी तिथे खरोखरच होती. एका कडेला तीन, दुसऱ्या कडेला तीन. काल रात्री दुसरी ते सातवी ओळ उसवली. हिशेब केला तर ते ९८७ खांब होते. जीव थोडा खाली-वर झाला, पण पहिली ओळ हातात राहिली याचे समाधान आहे. लडी ओल्या पंचात ठेवली आहे. काकूंसाठी सूत घ्यायचे नक्की केले.

आता रंगांविषयी विचारते. दुकानात प्रत्येक गुंडा सुंदर दिसतो, परंतु सात-आठ रंग शेजारी-शेजारी आले की डोळ्यांना त्रास होतो. रंगांचा क्रम तुम्ही कसा ठरवता? आणि बाळाच्या पांघरुणात काय काळजी घ्यावी?

वेंगुर्ल्याची लेक:

रंगांवर मी थोडे सविस्तर लिहिते, कारण लाटांच्या विणीचा सगळा आनंद माझ्या मते तिथेच आहे. वीण एकदा हाताला बसली की बदलत नाही. ओळीमागून ओळ तेच चार खांब, तीच घट, तीच वाढ. बदलतो तो रंगच.

विणण्याआधी पुठ्ठ्याची बोटभर रुंद आणि वीतभर लांब पट्टी कापावी आणि मनात असलेल्या क्रमाने प्रत्येक रंगाचे सहा-सात वेढे तिच्यावर शेजारी-शेजारी गुंडाळावे. गुंडे टेबलावर मांडून पाहण्यात आणि वेढे पाहण्यात फार फरक पडतो, कारण गुंड्यांमध्ये मोकळी जागा असते, पट्ट्यांमध्ये नसते. ही पट्टी दारापाशी उजेडात ठेवून दोन दिवस जाता-येता पाहावी. खटकणारा रंग आपोआप कळतो. त्याच पट्टीचा फोटो काढून तो मोबाइलवर कृष्णधवल करावा. दोन शेजारी रंग त्यात सारखेच राखाडी दिसले तर विणल्यावर त्यांच्यातली लाट दिसणार नाही, मग मूळ रंग कितीही निराळे असोत. लाट उठून दिसण्यासाठी फिका आणि गडद यांची आलटापालट लागते.

तुम्हाला होतो तो त्रास बहुधा यामुळे की सगळेच रंग सारखे झगझगीत आहेत. आठ रंगांत निदान तीन शांत असावेत. मी प्रत्येक पांघरुणात एक मोतिया किंवा फिका राखाडी रंग दर तिसऱ्या-चौथ्या पट्ट्याला पुन्हा आणते. त्यावर डोळ्यांना विसावा मिळतो आणि शिल्लक राहिलेले लहान गुंडेसुद्धा त्याच्या आधाराने एकत्र नांदतात.

रंग शोधायला मात्र दुकानात जाऊ नका, आपल्या परसात पाहा. मी मैत्रिणीसाठी विणलेल्या पांघरुणात मृगाचा पहिला पाऊस पडल्यानंतरचे आमचे कुंपण होते: ओल्या जांभ्या दगडाचा तांबूस-तपकिरी, त्यावर चढलेल्या शेवाळाचा गडद हिरवा, लावणी झालेल्या भाताचा पोपटी, आभाळाचा पारवा, आणि मध्ये एकच बारीक पट्टा आबोलीचा. त्या पांघरुणात निळा मुद्दाम नव्हता. पावसात आपला समुद्र निळा नसतोच. नद्यांची लाल माती उतरते आणि किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ, राखाडी होते. समुद्र म्हटले की निळा घ्यायचा ही सवय सोडल्यावर मला पारवा, मातकट, शिंपल्याच्या आतला गुलाबी-पांढरा असे कितीतरी रंग सापडले. काकूंचे घर समुद्राजवळ आहे, तर त्यांच्या दारातून दिसणारे रंग एकदा सकाळी आणि एकदा दिवेलागणीला लिहून घ्या. बहिणीला पुण्यात जे दिसत नाही ते द्या: सुरंगीच्या फुलांच्या वळेसराचा, म्हणजे गजऱ्याचा, पिवळसर पांढरा आणि केशरी, पिकलेल्या कोकमाचा जांभळट तांबडा, हापूसचा केशरी.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. गडद निळा, काळा आणि गडद जांभळा रंग दिवसा विणावा. पावसाळ्यात दिवे जातात आणि कंदिलाच्या उजेडात त्या रंगांचे टाके दिसत नाहीत. आणि रंग बदलताना जुन्या रंगाने शेवटच्या खांबाचे शेवटचे दोन फास सुईवर राखून ठेवावे, नवा दोरा त्यांतून ओढून घ्यावा. खांब पूर्ण करून मग नवा रंग जोडला तर कडेला जुन्या रंगाचा ठिपका राहतो.

चिपळूणची आजी:

बाळासाठी थोडक्यात लिहिते. मऊ सूत घ्या, ९ लाटा घाला, म्हणजे १२९ साखळ्या. ४ मिमी सुईने रुंदी साधारण ७०-७५ सेंटिमीटर होईल. सूत अर्धा किलो धरा. लाटांची वीण दाट असते, हे बाळाच्या दृष्टीने चांगले. जाळीच्या विणीत इवली बोटे अडकतात. दोऱ्याची टोके हातभर नको, पण १५ सेंटिमीटर तरी ठेवा आणि जाड सुईने एकदा एका दिशेला, मग उलट दिशेला ओवून घट्ट बसवा. मणी, गोंडे, फिती लावू नका.

दोन गोष्टी भाचीला स्पष्ट सांगा. बाळ वर्षाचे होईपर्यंत ते झोपलेले असताना अंगावर मोकळे पांघरूण टाकून ठेवू नये, कारण ते तोंडावर येऊ शकते. मांडीवर घेताना, किंवा कुणी जवळ बसलेले असताना वापरावे. आणि हे पांघरूण डांबराच्या गोळ्यांत कधीही ठेवू नये. त्यांच्या वाफेने काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होते. वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवला तरी चालेल, पण तोही बाळाच्या कपड्यांपासून दूर.

गुहागरची विणकर:

आज लडी वाळली. सकाळी पडवीत बसून दुसरी ओळ पुन्हा घातली. वळणाच्या तिसऱ्या कडीत लाल सुती दोऱ्याचा तुकडा ओवला होता. परत येताना त्या जागी सुई घालायला गेले तर ती कडी इतकी आत वळलेली होती की डाव्या हाताच्या नखाने उघडून धरावी लागली. दोन खांब तिथे बसले आणि कड सरळ उभी राहिली. तिसरी ओळ मोजली: १६८.

काकूंच्या अंगणात काल संध्याकाळी जाऊन बसले होते. कशासाठी ते त्यांना सांगितले नाही. भरती उतरत होती. ओल्या वाळूचा रंग, सुरूच्या झाडांचा काळपट हिरवा, सुकत घातलेल्या जाळ्यांचा फिका निळा, आणि काकूंनी वाटीत काढून ठेवलेल्या आगळाचा, म्हणजे कोकमाच्या रसाचा, गर्द तांबडा, असे चार रंग लिहून आणले आहेत. सुतात ओल्या वाळूचा रंग रत्नागिरीत मिळेल का, की तो मुंबईहून मागवावा लागेल, एवढे कोणी सांगू शकेल का?